रिकाम्या गाडीचं वजन

मास्तर लोकांना मोटार चालवायला शिकवत आणि शिकवता शिकवता थापा मारत. यातला धंदा कोणता आणि नाद कोणता, हे त्यांच्या बायकोलाही इतक्या वर्षांत नक्की सांगता आलं नसतं. शिकणारे त्यांना तोंडावर मास्तर आणि पाठीमागे बंडलमास्तर म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि एखादी पदवी मिळावी तसा त्यांना त्याचा अभिमान होता.

त्यांची सगळ्यात गाजलेली थाप रिव्हर्सच्या बाईंची. एका बाईंना त्यांनी म्हणे गाडी मागे घ्यायला शिकवलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्या थांबेचनात. गल्ली संपली, बाजार संपला, शहर संपलं, मागच्या काचेत सूर्य बुडाला, तरी बाई मागेच चालल्या होत्या. घाबरून मास्तरांनी पेट्रोलचा काटा बघितला, तर टाकी काठोकाठ भरलेली! गाडी उलटी चालली म्हटल्यावर जळलेलं पेट्रोल परत टाकीत जमा होणारच. "आणि बाई उतरल्या ना," मास्तर आवाज खाली आणून सांगत, "तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गायब. नवऱ्यानं ओळखलं नाही."

अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काहीतरी हिशेब बसवावा लागतो. बायकोनं तो आपल्या कामावरून उचलला होता. शहराबाहेरच्या रस्त्यावर ट्रकचा वजनकाटा होता, तिथल्या केबिनमध्ये ती बसायची. ट्रकवाले तिला काटेबाई म्हणत, आणि तिच्या जिभेचा अनुभव आल्यावर ते नाव जास्तच बरोबर आहे असंही म्हणत. काम साधं. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आकडा पडतो, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. नवऱ्याच्या बोलण्याचंही काटेबाई तसंच करत. मास्तर म्हणाले रस्त्यावर हजार माणसं जमली होती, तर त्यातून मास्तर वजा करायचे. उरली पाच-सात माणसं आणि एक कुत्रं. हा हिशेब कधी चुकला नव्हता. चुकला नव्हता म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मास्तरांची एक खोड मात्र खरी होती. शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला की मास्तरांनी तो दाबायचा. आयुष्यभर तो ब्रेक दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला सवयच लागली होती. घरी खुर्चीत बसून सिनेमा बघताना पडद्यावर कुणी रस्त्यात धावत आलं, की यांचा पाय फरशीवर दाबला जायचा. बशी हातातून निसटली, पाय दाबला. सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हाही तोंडातून शब्द फुटायच्या आधी पाय दाबला गेला होता. काटेबाई यावरून त्यांना खूप चिडवत. त्यापलीकडे त्या पायाकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही.

दिवसभर गाडीत बसून, खड्ड्यांतून आदळून मास्तरांच्या कंबरेतली एक गादी सरकली. दोन मणक्यांच्या मध्ये असते ती. तिचा तुकडा नसेवर दाबला जाऊन पाय टाचेपर्यंत पेटायला लागला. सर्जननं ऑपरेशन करून तो तुकडा काढला. मास्तर शुद्धीवर आले ते पायातली आग विझलेलीच घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डमधून चालत चालत त्यांनी पाच खाटांवरच्या पाच पेशंटना त्या तुकड्याची गोष्ट सांगितली. पहिल्या खाटेपाशी तो तुकडा वाटाण्याएवढा होता. पाचव्या खाटेपाशी तो उचलायला दोन वॉर्डबॉय लागले.

घरी आले. जखम छान भरली. चालायला लागले, जेवण वाढलं, थापा वाढल्या. काटेबाईंनी सुटका झाल्याचा निःश्वास सोडला आणि कामावर पुन्हा नियमित जायला लागल्या.

आणि मग काही आठवड्यांनी, सगळं नीट चाललं असताना, नवंच दुखणं सुरू झालं.

पाय नव्हे, आता कंबर. तीही वरवरची नाही, अगदी आतली. उभं राहिलं तर दुखे, बसलं तर दुखे, आणि गादीवर कूस बदलायला गेलं की कुणी कंबरेत पिळा घालावा तसे सगळे स्नायू आवळून यायचे. पलंगाच्या कडेला कुणी नुसतं टेकलं, तरी तेवढ्या हेलकाव्यानं मास्तर ओरडायचे.

"अगं, ऊठ! ऊठ तिथून! भूकंप झाला!"

"मी बसले फक्त."

"तू बसलीस आणि माझ्या मणक्यात इमारती पडल्या! माणसं गाडली गेली!"

काटेबाईंनी मनातल्या मनात इमारती वजा केल्या, माणसं वजा केली. उरलं थोडं कंबरदुखणं. ऑपरेशननंतर ते असायचंच.

तरी त्यांनी दवाखान्यात फोन केला. केला तो कामावरून, केबिनच्या खिडकीतून एका हातानं ट्रकला पुढे ये म्हणून खूण करत.

"दुखणं किती आहे?" पलीकडून नर्सनं विचारलं. "म्हणजे, एक ते दहामध्ये पेशंट किती सांगतायत?"

"चौदा."

नर्स हसली. "दहाच्या वर नसतं हो."

"ते त्यांनाही माहीत आहे. तुम्ही असं करा, चार धरा."

"चार? नक्की?"

"अहो, मी दिवसभर दुसरं काय करते? थांब रे बाबा, हॉर्न काय वाजवतोस, ट्रक तुझा आहे, रस्ता नाही! हां, बोला."

"ताप वगैरे?"

"थोडं कणकणल्यासारखं वाटतं म्हणतात. थर्मामीटर काही दाखवत नाही."

"जखम कशी आहे? पाणी, पू?"

"कोरडी ठणठणीत."

"मग स्नायू धरले असतील. डॉक्टरांना विचारून गोळ्या लिहून ठेवते, शेक द्या. वाढलं तर दाखवायला आणा."

चारचं दुखणं असतं तसा सल्ला मिळाला. काटेबाईंनी येताना गोळ्या आणल्या आणि शेकायची पिशवी आणली. मास्तरांनी गोळ्या घेतल्या, आणि त्या गोळ्या पोटात जाऊन रस्ता कसा चुकल्या, कंबरेऐवजी कानात कशा पोचल्या, याची एक गोष्ट सुरू केली. पण ती मध्येच सोडून दिली. काटेबाईंना वाटलं, झोप लागली असेल.

त्यानंतरचे दिवस काटेबाईंना नीट आठवत नाहीत, कारण त्यांत आठवण्यासारखं काही नव्हतं. सकाळी नवऱ्याला बसतं करायचं. दोन्ही काखांत हात घालून, मानेपासून टाचेपर्यंत फळीसारखं सरळ ठेवून, न हिसकवता. मग न्हाणीघरापर्यंत नेणं, आणणं, पुन्हा निजवणं. मग ट्रक. मग परत येऊन तेच. त्यांचेच खांदे आता भरल्या ट्रकसारखे खाली आले होते. घरात बोलणं कमी झालं होतं, आणि खरं सांगायचं तर काटेबाईंना ते बरंच वाटलं. दमलेल्या माणसाला शांतता मिळाली तर तो तिला नाव विचारत बसत नाही.

अशात एका दुपारी आक्का आल्या. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मास्तरांच्या थापांच्या त्या पहिल्या गिऱ्हाईक, आणि पहिल्या फसलेल्याही. लहानपणी भावानं त्यांना गाढवाच्या पाठीवर उशी बांधली की ते घोड्यासारखं पळतं असं सांगितलं होतं. हनुवटीवरची खूण अजून होती. त्यामुळे भावाविषयीचं त्यांचं प्रेम नेहमी थोडं सावध असे.

"काय रे," आल्या आल्या त्या म्हणाल्या, "म्हणे फार दुखतंय. अजून मेला नाहीस वाटतं?" आणि काटेबाई "आक्का, तिथं नको" म्हणेपर्यंत त्या पलंगाच्या कडेला टेकल्याही.

काटेबाईंनी कान मिटून घेतले. भूकंप, इमारती, पूर, काहीतरी येणारच.

काहीच आलं नाही. मास्तर छताकडे बघत राहिले. कपाळावर घाम मात्र आला होता.

"दुखलं का रे?" आक्कांनी विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले.

"किती?"

"बरंच."

आक्कांनी भावजयीकडे बघितलं. भावजयीनं आक्कांकडे बघितलं. मग आक्कांनी खुर्ची ओढून घेतली, आवाज गोड केला आणि लहान मुलासमोर खाऊ धरावा तशी ती गोष्ट पुढे केली. "ते जाऊ दे. मला ती रिव्हर्सवाली बाई सांग बघू. कुठवर गेली होती रे ती मागे?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. आठवायला त्रास होत असावा तसे.

"बारा फूट," ते म्हणाले. "मग विजेच्या खांबाला धडकली."

खोलीत एकदम गार झालं. आक्का उभ्या राहिल्या. त्यांनी भावाचं सगळं आयुष्य पाहिलं होतं. तापानं फणफणलेला पाहिला होता, नापास झालेला पाहिला होता, बापाच्या तिरडीमागे रडत चाललेला पाहिला होता, पण खरं बोलताना कधी पाहिला नव्हता.

"अगं," त्या भावजयीला कुजबुजल्या, "हा मरतोय. गाडी बोलाव."

तेव्हा काटेबाईंची नजर चादरीवर गेली. चादरीखाली मास्तरांचा उजवा पाय पलंगाच्या लाकडावर दाबून धरलेला होता. बोटं वळलेली, पोटरी दगडासारखी. आक्का उठल्या होत्या तरी तो पाय ढिला पडत नव्हता. पलंगाच्या त्या जागेचं पॉलिश गेलेलं होतं. एका दिवसात पॉलिश जात नाही. हा माणूस कित्येक दिवस झोपल्याजागी ब्रेक दाबत होता, आणि शेजारी झोपणाऱ्या बाईनं चार धरले होते.

हॉस्पिटलात रक्त काढलं, मग त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं, मग पाठीतून सुई घालून आतला कण काढला आणि तपासायला पाठवला. एवढं झाल्यावर जंतूंच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, डोळ्यांखाली काळं. त्याही दमलेल्या होत्या. त्या हॉस्पिटलात ताजंतवानं दिसत होतं ते फक्त भिंतीवरच्या जाहिरातीतलं कुटुंब.

"ऑपरेशन झालेल्या गादीत जंतू शिरलेत," त्या म्हणाल्या. "क्वचित होतं. वरून जखम छान दिसते, ताप येतोच असं नाही, त्यामुळे चटकन कळत नाही. एकच खूण असते, बरा होत आलेला माणूस अचानक खूप दुखतंय म्हणायला लागतो. यांनी सांगितलं नव्हतं का?"

काटेबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "चौदा सांगितलं होतं. मी चार करून पुढे दिलं."

आक्कांनीच खुलासा केला. "अहो, तिचं काही चुकलं नाही. याच्या चौदाचे चारच होतात. मी तर तीन केले असते."

मग सर्जन आले. ते उभ्याउभ्याच बोलले. आधी शिरेतून औषध, सहा आठवडे. कंबरेला पट्टा. दर आठवड्याला रक्त तपासायचं. सूज सांगणारा एक आकडा असतो, तो उतरत गेला पाहिजे. "त्या गादीला स्वतःचं रक्त जवळजवळ नसतं, त्यामुळे औषध तिथं पोचता पोचत नाही. आकडा उतरला तर उत्तम. नाही उतरला तर आत जाऊन साफ करावं लागेल, स्क्रू आणि पट्ट्या घालून मणके जखडावे लागतील. मोठं ऑपरेशन आहे. मग दिवसभर गाडीत बसायचा धंदा विसरायचा."

मास्तरांचा पाय चादरीखाली दाबला गेला. या वेळी काटेबाईंनी तो पाहिला.

दंडातल्या शिरेत एक लांब बारीक नळी घालून, रोजचं औषध घरीच द्यायचं ठरवून, मास्तरांना घरी पाठवलं. बाटली टांगायला दारामागचा कोट अडकवायचा खांब आला. रोज सकाळी एक नर्स येऊन बाटली लावून जायची आणि संपली की नळी कशी धुवायची, टोपण कसं लावायचं, हात किती वेळ साबणानं घासायचे, ते काटेबाईंनी शिकून घेतलं. थेंब पडत. थेंबांकडे बघत बसायचं. आठवडा असा जाई की त्याचा कुठला दिवस कुठला, हे फक्त रक्त काढायला माणूस आला की कळे.

औषधाच्या कंटाळ्यापेक्षा मास्तरांचा कंटाळा जास्त होता. म्हणजे मास्तरांना आलेला नव्हे, मास्तरांचा इतरांना येणारा. कारण मास्तर आता खरं बोलत. खिडकीबाहेर काय चाललंय विचारलं तर म्हणत, "एक सायकल गेली." आणि खरोखर एक सायकल गेलेली असे. शिकणारी दोन पोरं भेटायला आली, मोठ्या आशेनं खुर्च्या ओढून बसली. मास्तर म्हणाले, "आरशात बघत जा. वेग कमी ठेवा." पोरं पाय न वाजवता निघून गेली. जिन्यात एक दुसऱ्याला म्हणाला, "संपले रे बंडलमास्तर."

काटेबाईंना तर काही सुचेना. सगळं आयुष्य वजाबाकीत गेलेलं. आता वजा करायला काही नव्हतं. नवरा एक बोले आणि एकच निघे.

"आज किती?" त्या रोज विचारत. आता कानांत प्राण आणून विचारत.

"दोन."

"खरं?"

"खरं."

पहिल्या आठवड्यात सात होते, मग पाच, मग तीन, मग दोन. दोनवर थांबले. किती सरळ उतरण! काटेबाई तो दोन घेऊन कामावर जायच्या, आणि मध्येच केबिनमध्ये डोळा लागायचा. एकदा तर ट्रक काट्यावर उभा, ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन, दाढी करून परत आला, तरी बाई खिडकीत गाल टेकून झोपलेल्या. निदान ड्रायव्हरनं तसं सगळीकडे सांगितलं. त्यातली दाढी वजा करायला हरकत नाही. पण ही गोष्ट फिरत फिरत मास्तरांपर्यंत पोचली, आणि त्यांनी ती ऐकून नेहमीसारखं हसायच्या ऐवजी भिंतीकडे तोंड केलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई आकडा बघून कोड्यात पडल्या. सुरुवातीला आकडा छान उतरला होता. मग रेंगाळला होता. आता किंचित वर आला होता.

"पण तुम्हाला बरं वाटतंय ना?" त्यांनी मास्तरांना विचारलं. "दुखणं किती?"

"दोन."

"चालता?"

"हो."

"झोप?"

"चांगली."

बाईंनी पेन टेकवलं. "मग हा आकडा दुसऱ्या कशानं असेल. सर्दी, दात, काहीही. पेशंटला बरं वाटत असेल तर मी आकड्याला फार भीत नाही. हेच औषध चालू ठेवू, पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना. काटेबाईंना पहिल्यांदा वाटला तो निव्वळ दिलासा. घरी जायचं, बाटली टांगायची, थेंब बघायचे. कुणी काही ठरवायला सांगत नव्हतं. उठायला म्हणून त्यांनी खुर्चीच्या हाताला धरलं, आणि सहज खाली बघितलं.

मास्तर तपासायच्या टेबलावर पाय सोडून बसले होते. डावा पाय लोंबत होता. उजवा टेबलाच्या लोखंडी पायरीवर दाबलेला होता. बोटं वळलेली.

"दोन नाहीत," काटेबाई म्हणाल्या.

"अगं..."

"तुम्ही गप्प बसा. डॉक्टर, हा माणूस खोटं बोलतोय."

"खोटं म्हणजे? वाढवून सांगतायत?"

"कमी करून. जन्मात पहिल्यांदा. मलाच कळायला उशीर झाला." त्या उठून उभ्या राहिल्या, आणि दमलेल्या बाईला जमेल तितक्या थोडक्यात त्यांनी ब्रेकची गोष्ट सांगितली. सिनेमा, बशी, सासूबाई, पलंगाचं पॉलिश. "तोंडावर जाऊ नका यांच्या. मी गेले आणि काय झालं ते बघताच आहात. पाय बघा."

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना टेबलावर आडवं केलं आणि म्हणाल्या, "बोलू नका. फक्त कूस बदला." आणि त्या टेबलाच्या पायथ्याशी जाऊन पायाकडे बघत उभ्या राहिल्या. मास्तर वळायला लागले. तोंडावरची रेष हलली नाही. पाय मात्र असा दाबला गेला की टेबलाच्या टोकाची जाड उशी चेपली. समोरून लॉरी येत असावी.

"सांगितलं का नाहीत?" बाईंनी विचारलं.

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "दोन माणसांतल्या एकानं तरी झोपावं म्हणून."

त्याच संध्याकाळी पुन्हा त्या बोगद्यात घातलं. मणक्याच्या शेजारी, स्नायूत, पुवाचा एक कप्पा साठलेला निघाला. लहानच होता, अजून महिनाभर तसाच राहिला असता तर लहान राहिला नसता. सर्जन आले, उभ्याउभ्या चित्र बघितलं, आणि पहिल्यांदाच खाली बसले. "सुईनं काढता येईल," ते म्हणाले. "थोडक्यात सापडलं. मोठ्या ऑपरेशनचं आत्ता तरी नाव काढत नाही." काढलेला पू तपासला तेव्हा कळलं की त्यातला एक जंतू आधीच्या औषधाला जुमानणारा नव्हता. औषध बदललं. आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले.

घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डबाहेरच्या बाकावर काटेबाई आणि चाकांच्या खुर्चीत मास्तर, गाडीची वाट बघत बसले होते.

"तुझ्या काट्यावर चौदा टाकले, चार निघाले," मास्तर म्हणाले. "म्हटलं, ठीक, आता खरं टाकू. खरं टाकायला लागलो तर तू जागी राहायला लागलीस. सात म्हटलं की तू सात वेळा उठून बघायचीस. मग मी तरी काय टाकायचं?"

काटेबाईंना रागवायचं होतं. पण राग यायलाही थोडी ताकद शिल्लक लागते. "काय वाटेल ते टाका," त्या म्हणाल्या. "चौदा म्हणा, चाळीस म्हणा. वर मला काही विचारू नका. मी पायावर वजन करीन."

"पाय म्हणजे खासगी बाब असते."

"होती."

नव्या औषधाच्या बाटल्या आल्या, आता संध्याकाळचीही एक, ती काटेबाईंनीच लावायची. कोटाचा खांब पुन्हा पलंगाशेजारी आला. थेंब पडायला लागले. रक्ताचा आकडा उतरला, आणि पुन्हा उतरला, पण काटेबाईंनी त्याचा आनंद केला नाही, कारण आधीही तो असाच उतरून नंतर फसला होता. रोज संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्या चादर उचलून पाय बघत. शेजारीण एकदा हे बघून लाजून परत गेली. पाय कधी दाबलेला असे, कधी अर्धा. मग नुसती बोटं वळलेली. काटेबाई काही बोलत नसत. चादर खाली टाकून हात धुवायला जात.

अशीच एक संध्याकाळ होती. त्या दिवशी काट्यावर रांग संपतच नव्हती. कुणाचं तरी बांधकाम चालू होतं आणि जगातली सगळी वाळू त्यांच्या खिडकीसमोरून गेली होती. काटेबाई घरी आल्या, हात धुतले, नळी धुतली, बाटली लावली. पाय बघायचं मात्र विसरल्या.

"अगं," मास्तर म्हणाले, "आज दुपारी माझ्या मणक्यात बैठक झाली."

काटेबाईंचा हात टोपणावरच थांबला.

"कसली बैठक?"

"जंतूंची. सगळे जमले होते. त्यांचा एक म्हातारा पुढारी आहे, त्याला मिशा आहेत. तो म्हणाला, मंडळी, हे नवीन औषध फार कडू आहे, आता बिऱ्हाडं हलवा. तर एक जंतू उभा राहून म्हणतो, आमचं सामान जड आहे, ट्रक लागेल. म्हातारा म्हणाला, ट्रक चालणार नाही, बाहेर काट्यावर एक बाई बसते, ती रिकाम्या गाडीसकट आपल्याला वजा करून टाकेल."

"मग?" काटेबाई म्हणाल्या.

"मग काय, चालत निघाले. मिरवणूक! डोक्यावर गाद्या, काखेत पोरं. शेवटचा निघाला तो दार ओढून घेऊन गेला. ठक्क! ऐकू आलं मला. शेजारणीलाही ऐकू आलं असणार, विचार तिला."

काटेबाईंनी वजा करायला सुरुवात केली, आपोआपच. मिशा वजा, गाद्या वजा, शेजारीण वजा. मग मध्येच सोडून दिलं. फार थकल्या होत्या. आणि जी पहिली जागा मिळाली तिथं बसल्या. ती जागा पलंगाची कडा होती, हे बसल्यावर लक्षात आलं.

पलंग हलला. गादीनं हेलकावा घेतला. काटेबाई श्वास धरून, न हलता चादरीकडे बघत राहिल्या.

पाय आडवा पडून होता. सैल, जरा बाहेरच्या बाजूला कलंडलेला, एखाद्या माणसानं शेजारच्या सीटवर डुलकी काढावी तसा.

"आता त्या पुढाऱ्याचं काय झालं, ते सांगतो," मास्तर म्हणत होते. "त्याची मिशी दारात अडकली..."

काटेबाईंना ते ऐकायचं होतं. खरंच ऐकायचं होतं. पण मिशी दारात अडकलीच होती तेवढ्यात त्यांची मान पुढे आली आणि त्या बसल्या जागी, पाय खाली सोडून, नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून झोपल्या. मास्तरांनी हे पाहिलं. गोष्ट अर्धी होती, आणि ऐकणारं माणूस गेलं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आवाज अगदी खाली आणून, तिला जाग येऊ नये इतक्या हळू, ती मिशी किती लांब होती ते ते सांगू लागले.